उजव्या हाताचा गुप्त कारभार

मुलांना बोलतं करायचं, एवढंच काम चष्मेवाल्यांकडे आलं होतं.

चर्चमधली रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना दाराशी गाठलं आणि खांद्यावर हात ठेवला. पाळकसाहेबांचा हात खांद्यावर आला की काहीतरी गळ्यात पडतं हा मंडळीतल्या सगळ्यांचाच अनुभव होता, त्यामुळे चष्मेवाल्यांनी मनाची तयारी केली. मंडळीतल्या मोठ्या मुलामुलींचा रविवारचा वर्ग शिक्षकाविना पडला होता. आधीच्या एका शिक्षकाची बदली झाली होती, दुसऱ्याचं लग्न झालं होतं, आणि तिसऱ्यानं कारण सांगण्याचीही तसदी घेतली नव्हती.

"बोलतच नाहीत हो," पाळकसाहेब म्हणाले. "गाणी म्हणतात. डोळे मिटून बसतात. पाठांतर विचारलं तर धडाधड म्हणून दाखवतात. पण तुझा विश्वास तुझ्या शब्दांत सांग म्हटलं की दातखीळ बसते. उद्या ही पोरं कॉलेजात जाणार, नोकरीला लागणार. कुणी विचारलं, काय रे, तू देवाला का मानतोस, तर काय सांगतील? मम्मी रविवारी उठवते म्हणून?"

हे वाक्य चष्मेवाल्यांच्या जिव्हारी लागलं. त्या वर्गात त्यांची लेकही होती, आणि ती नेमकं हेच उत्तर देईल अशी त्यांना दाट शंका होती. घरात ती दोनच विषयांवर बोलायची. एक, चार्जर कुणी घेतला. आणि दोन, बाथरूम कधी रिकामं होणार. बाकी तिच्या मनात काय चाललंय याचा पत्ता बापाला नव्हता. लहानपणी ती झोपताना देवाशी मोठ्यानं गप्पा मारायची, त्यात बापाच्या तक्रारीही असायच्या, आणि चष्मेवाले दाराआड उभे राहून ऐकायचे. मग कधीतरी ती मनातल्या मनात बोलायला लागली आणि दाराआड उभं राहण्यात अर्थ उरला नाही. आता तिच्या आत त्यातलं काही शिल्लक आहे की नाही, हे एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती काही पाळकसाहेबांना सांगण्यासारखी नव्हती. त्यांनी वर्ग घेतो म्हणून सांगितलं.

शिवाय माणसं बोलती करणं हा त्यांचा धंदाच होता, निदान त्यांची तशी समजूत होती. बाजारातल्या त्यांच्या अरुंद दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढायची, आणि चष्मेवाले एकामागून एक काचा सरकवत विचारायचे, "हे बरं, की आधीचं बरं?" या एका प्रश्नावर त्यांचा संसार उभा होता. भलेभले अबोल, हट्टी, चिडके लोक त्या खुर्चीत बसून खालच्या ओळीपर्यंत वाचत गेले होते. तिथे पाच-सहा पोरांची काय कथा.

पहिल्या रविवारी त्यांनी वर्गावर नजर फिरवली. लंबू होता, ज्याचे पाय बाकाखाली मावत नव्हते. जुळ्या बहिणी होत्या. गिटार वाजवणारा होता, तो गिटार नसली तरी मांडीवर बोटं चालवत असे. आणि शेवटच्या बाकावर लेक होती, जी या गृहस्थांना आपण पूर्वी कुठे पाहिल्याची खूण चेहऱ्यावर दिसू देत नव्हती.

"देव तुम्हाला जवळचा वाटतो की लांबचा?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या नखांची पाहणी सुरू केली. शेवटी लंबूला दया आली.

"मधला, काका," तो म्हणाला.

या उत्तरावर पुढे कुठली काच लावायची ते चष्मेवाल्यांना सुचलं नाही.

आठवडाभर ते विचार करत होते. बायको इस्पितळात परिचारिका होती. तिनं दिवसाची पाळी संपवून आल्यावर, पाय बादलीत बुडवून बसल्या बसल्या निदान केलं. "त्यांना बोलायला काय लावता? त्या वयात बोलायला सांगितलं की तोंड बंद होतं आणि गप्प बसायला सांगितलं की उघडतं. काहीतरी करायला लावा." बायकोचा सल्ला चष्मेवाल्यांनी नेहमीप्रमाणे ऐकला नाही आणि नेहमीप्रमाणे दोन दिवसांनी तो त्यांना स्वतःला सुचला.

दुसऱ्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आता बोलायचं नाही. करायचं. जो आपल्या मंडळीतला नाही, जो आपलं काही लागत नाही, अशा माणसाचं एक काम करून टाकायचं. रोज एक. आणि अट अशी की उजव्या हाताचं डाव्या हाताला कळता कामा नये. घरी सांगायचं नाही, मित्राला सांगायचं नाही, इथे शेजारी बसलाय त्यालाही नाही. मलासुद्धा नाही. पकडले गेलात तर काम फुकट. आणि मी माझ्या बाजूनं शब्द देतो, माझ्या तोंडून कुणाचं नाव निघणार नाही."

वर्गात प्रथमच डोकी वर झाली. विश्वास, प्रीती, सेवा या शब्दांनी ज्यांच्या पापण्या जड होत होत्या त्यांचे डोळे 'गुप्त' या शब्दानं लकाकले. गिटारवाल्याची बोटं थांबली.

"कुठे करायचं?" एका जुळीनं विचारलं.

इथे चष्मेवाल्यांचा तोल गेला. सत्कर्म गुप्त असावं हे त्यांना मनापासून पटत होतं. पण जाता-येता आपल्याला तेवढं दिसत राहिलं तर काय बिघडलं, असाही एक विचार त्यांच्या मनात मान खाली घालून उभा होता. "माझ्याच इमारतीत करा," ते म्हणाले. "जवळ आहे."

इमारत खरोखरच जवळ होती, उपासना मंदिराच्या मागच्या फाटकासमोर. चार मजली, लिफ्ट नसलेली, आणि सेक्रेटरी असलेली. सेक्रेटरी विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचे दावे फेटाळले होते आणि त्यामुळे कुठलीही गोष्ट जशी दिसते तशी असते यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

सुरुवातीचे दिवस सोन्याचे गेले. संध्याकाळी चष्मेवाले दुकान बंद करून आले तर जिना आरशासारखा. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी साचलेला कचरा गायब. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींच्या कुंड्या पाणी पिऊन तृप्त. चष्मेवाले एकेका पायरीवर थांबून वर जाऊ लागले. बायकोनं विचारलं, "धाप लागते का? छाती तपासून घ्या." ते नुसते हसले. लेक टेबलाशी बसून जेवत होती. तिच्या बोटांना काळं काहीतरी लागलं होतं. चष्मेवाल्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"स्वतःच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही," बायको ताट उचलत कुणालाच उद्देशून न म्हटल्यासारखं म्हणाली, "आणि जिने मात्र चकाचक आहेत हो आपल्या इमारतीचे."

त्या पहिल्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आजींनी स्वच्छ जिना पाहिला आणि रखवालदाराला हाक मारली. "अरे, किती छान पुसलास रे," म्हणाल्या आणि चहा-बिस्किटं पुढे केली. रखवालदार वयस्कर होता, गुडघ्यांनी अधू होता, आणि त्या नोकरीत लागल्यापासून कुणी त्याला छान म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "तुमचा आशीर्वाद आजी." यात खोटं असं काही नव्हतं. खरंही काही नव्हतं. पण वाफाळता चहा समोर आल्यावर सत्याच्या बाजूनं उभा राहणारा माणूस विरळाच.

आता गुप्त सत्कर्मातली अडचण अशी, की कुणी काय केलं हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. चष्मेवाल्यांनी भिंगांचा हिशेब आयुष्यभर चोख ठेवला, पण हा साधा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता. जिना दुपारी एकानं पुसला. तो ओला असतानाच दुसऱ्यानं पुसला. तिसऱ्याला तो स्वच्छ दिसला, पण काम तर करायलाच हवं, म्हणून त्यानं साबण घातला, आणि पाण्याचा नळ सापडला नाही म्हणून तसाच सोडला. सेक्रेटरी संध्याकाळच्या फेरीला निघाले ते दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर पायऱ्यांचा उपयोग न करता आले. त्यांच्या निर्धाराची कमाल अशी की कठडा धरून ते शेवटपर्यंत उभेच होते.

आजींच्या कुंड्यांना एक जुळी सकाळी पाणी घालत होती, दुसरी संध्याकाळी, आणि मध्ये आजी स्वतः. कशालाही दाद न देणारी कोरफडसुद्धा आठवड्यात पिवळी पडून कुजली. वर्तमानपत्रं पेपरवाला खाली टाकून जायचा, ती कुणीतरी दारोदार पोचवली. मात्र कुणाचं कुठलं याची चौकशी केली नाही, कारण चौकशी केली असती तर पकडलं गेलं असतं. ज्यांनी जन्मात पेपर विकत घेतला नव्हता ते लोक चहासोबत अग्रलेख वाचू लागले आणि सेक्रेटरींच्या दाराशी लहान मुलांचं चित्रांचं साप्ताहिक पडू लागलं. दाराबाहेरच्या बूट-चपला रात्रीतून चमकू लागल्या. सगळ्या काळ्या. मुळात ज्या तपकिरी होत्या त्याही काळ्या. चौथ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना आपलेच बूट ओळखू येईनात, म्हणून ते सपातांवर कॉलेजला गेले.

आणि पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांची स्कूटर कुणीतरी धुतली. अशी धुतली, की जिथे पाणी जाऊ नये तिथेही गेलं. ती सुरू होईना. पाठोपाठ दुसऱ्या कुणीतरी, डॉक्टरांना बिचाऱ्यांना ढकलत न्यावी लागेल म्हणून, चाकात हवा भरली. हवा आधीच भरलेली होती. टायर फुटल्याचा आवाज ऐकून दवाखान्यातल्या एका रोग्यानं डॉक्टरांच्या बोटाला चावा घेतला.

सेक्रेटरींनी आपल्या दिवाणखान्यात तातडीची बैठक बोलावली.

"हे साधं प्रकरण नाही," ते म्हणाले. "ही टोळी आहे. नीट विचार करा. जिना का पुसला? पायांचे ठसे राहू नयेत म्हणून. कुंड्यांना पाणी का घातलं? घरात कोण कधी असतं ते टिपायला. चपला का पॉलिश केल्या?"

"का?" डॉक्टरांनी बोटाची पट्टी सांभाळत विचारलं.

"माणसं मोजायला. बाहेर किती जोड, त्यावरून आत किती डोकी."

हे इतकं बिनतोड होतं की क्षणभर चष्मेवाल्यांनाही पटलं. बैठकीत देखरेख समिती नेमायचं ठरलं, आणि सेक्रेटरींनी सगळ्यांकडे पाहून म्हटलं, "प्रमुख म्हणून चष्मेवाल्यांशिवाय दुसरं नाव माझ्यापुढे नाही. नजर असावी तर त्यांच्यासारखी." टाळ्या पडल्या. नाही म्हणावं तर का म्हणून विचारतील, आणि का ते सांगावं तर दिलेला शब्द मोडेल. चष्मेवाले उठले आणि त्यांनी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी समितीप्रमुख या नात्यानं त्यांना सेक्रेटरींबरोबर पोलीस ठाण्यात जावं लागलं. तिथले साहेब जेवणाचा डबा नुकताच उघडून बसले होते.

"काय चोरीला गेलं?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग तक्रार कसली?"

"जिना पुसला."

साहेबांनी डब्याचं झाकण परत लावलं आणि चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाले टेबलाच्या कडेकडे पाहत होते.

"आणखी?"

"कचरा नेला. चपला पॉलिश केल्या. स्कूटर धुतली."

"असं करा," साहेब थोडा वेळ विचार करून म्हणाले, "ते परत आले तर त्यांना आमचा पत्ता द्या. आमच्याकडे जीप आहे, तीन वर्षं कुणी धुतलेली नाही."

अपमान गिळून सेक्रेटरी परतले आणि त्यांनी जिन्यात कॅमेरा बसवून घेतला. आठवड्याच्या आत त्यात काहीतरी सापडल्याची वर्दी आली. चष्मेवाल्यांना दुकानातून बोलावून घेण्यात आलं. पडद्यावर रिकामा जिना दिसत होता. मग खालून कुणीतरी येत असल्याची सावली. मग एकदम सगळा पडदा पिवळा झाला, आणि तो पिवळेपणा गोल गोल फिरू लागला. टोळीनं कॅमेऱ्याची काच पुसली होती. अगदी मन लावून, कोपऱ्यांपर्यंत.

सेक्रेटरी चरफडले. चष्मेवाल्यांचं मात्र पाणी पाणी झालं. तो पिवळा कपडा भिंग पुसण्याचा होता. असा कपडा ते प्रत्येक चष्म्याबरोबर देत, आणि त्याच्या कोपऱ्यात त्यांच्या दुकानाचं नाव छापलेलं असे. आता तो कोपरा पडद्यावरून दर फेरीला जात होता.

"काही वाचता येतंय का तुम्हाला?" सेक्रेटरींनी विचारलं. "माझा चष्मा जुना झालाय."

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना खालची ओळ वाचायला लावली त्यानं पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पुसट आहे," ते म्हणाले. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींना आजींच्या चहाची गोष्ट कळली आणि टोळीचा शोध संपला. आतला माणूस सापडला होता. रखवालदार आधी म्हणाला जिना मीच पुसला, आता म्हणतो मी नाही. याचा अर्थ त्याला सगळं माहीत आहे. रविवारी संध्याकाळी खाली गाड्यांच्या जागेत सर्वसाधारण सभा आणि त्यात रखवालदाराला कामावरून काढण्याचा ठराव, असं फळ्यावर लागलं.

"मग?" बायकोनं विचारलं. तिला कधीपासून सगळं ठाऊक होतं हे विचारण्याची सोय नव्हती. तिला सगळंच आधीपासून ठाऊक असे. "त्या म्हाताऱ्याची नोकरी जाणार. तुम्ही काय करणार?"

"मी पोरांना शब्द दिलाय."

"त्यांची नावं न सांगण्याचा. स्वतःचं नाव न सांगण्याचा कुणाला दिलात?"

लेक दारात उभी होती. ती आत गेली आणि तिच्या फोनचा उजेड दाराच्या फटीतून दिसत राहिला.

रविवारच्या सभेला अख्खी इमारत हजर होती. इमारतीत एरवी पाण्याच्या टाकीच्या प्रश्नालाही इतकी गर्दी होत नसे. घरोघरच्या खुर्च्या खाली आल्या होत्या. रखवालदार टोपी हातात धरून खांबाशी उभा होता.

"आजी एवढ्या मायेनं बोलल्या, साहेब," तो सांगत होता. "नाही म्हणवेना मला. दुसरं काही नाही."

"समितीप्रमुखांनी अहवाल द्यावा," सेक्रेटरी म्हणाले.

चष्मेवाले उठले. त्यांनी आरशासमोर तयारी केली होती, पण आरशात सेक्रेटरी नव्हते. "सभासद बंधुभगिनींनो," त्यांनी सुरुवात केली, "समितीनं सर्व बाजूंनी तपास केला. तपासाअंती समिती अशा निष्कर्षाला आली आहे की... की समितीच दोषी आहे."

कुणाला काही कळलं नाही.

"कॅमेऱ्यातला तो पिवळा कपडा माझ्या दुकानाचा आहे."

"म्हणजे तुमच्या दुकानातही हात मारला त्यांनी?" सेक्रेटरी म्हणाले. "आधी का नाही सांगितलंत?"

"चोरी नाही झालेली. हे सगळं माझ्या सांगण्यावरून झालंय. कुणी केलं ते मी सांगणार नाही. पण रखवालदाराचा यात काही संबंध नाही. जे काय करायचं ते मला करा."

सभेत कुजबूज झाली. डॉक्टरांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चष्मेवाले, तुमचं मन मोठं आहे," ते गहिवरून म्हणाले. "गरिबाची नोकरी वाचावी म्हणून सगळं अंगावर घेताय. पण असं चालत नाही."

"देवमाणूस आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

चष्मेवाले पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि जितकं सांगावं तितका लोकांच्या नजरेत त्यांच्याविषयीचा आदर वाढत गेला. स्वतःचा गुन्हा कबूल करूनही माणसाला इतकं हताश होता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. सेक्रेटरींनी विचारलं, ठरावाच्या बाजूनं कोण कोण. हात वर होऊ लागले. रखवालदार टोपीची कड बोटांत फिरवत होता.

"बूट मी पॉलिश केले."

आवाज जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या लेकीचा होता.

"स्कूटर माझी, म्हणजे मी धुतली," फाटकाकडून लंबू म्हणाला. तो आत कधी आला ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या उंचीच्या माणसाच्या बाबतीत हे नवल होतं.

"हवा मी भरली," गिटारवाला म्हणाला.

"ती तू भरलीस?" लंबू त्याच्याकडे वळला.

"कुंड्यांना पाणी मी घालत होते," एक जुळी म्हणाली.

"तू?" दुसरी म्हणाली. "मग मी काय करत होते?"

लेकीनं सगळ्यांना फोनवर एवढंच कळवलं होतं, की आमच्या इमारतीत या, एका माणसाची नोकरी जातेय. प्रत्येक जण आपल्या एकट्यामुळेच हा घोळ झालाय असं समजून, घरी काही न सांगता, आला होता. आता ते एकमेकांकडे पाहत होते आणि हसू येऊ नये म्हणून गाल आतून चावत होते.

सेक्रेटरींना बसायला खुर्ची लागली. "पण का?" ते म्हणाले. विमा कंपनीत त्यांनी हा प्रश्न हजारदा विचारला असेल, पण खरोखरच उत्तर हवं म्हणून बहुधा आज पहिल्यांदा.

"काकांनी सांगितलं म्हणून," लंबू म्हणाला.

"घरचे सांगतात ते सगळं ऐकतोस?"

"नाही," लंबूनं प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग हेच का ऐकलंस?"

लंबू गप्प झाला. सगळेच गप्प झाले. रविवारच्या वर्गात पडायची तीच शांतता, खुर्च्या तेवढ्या वेगळ्या. चष्मेवाल्यांना वाटलं आपण उठावं, काहीतरी बोलावं, मुलांना सोडवावं. बायकोनं त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

"आम्हाला जे मिळालंय ते फुकट मिळालंय," लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक होता आणि ती कुणाकडेच पाहत नव्हती. "म्हणजे, देवाकडून. मी काही फार चांगली मुलगी नाहीये. मम्मीला विचारा."

"खरं आहे," मम्मी म्हणाली.

"तर, मी कशी आहे ते येशूला माहीत आहे. सगळं. तरी तो मला टाकत नाही. मी रोज झोपताना त्याला दिवसभराचं सांगते, भांडणंसुद्धा, आणि सकाळी उठते तर तो असतोच. मी काही केलं म्हणून नाही. असाच. आता ते परत कसं करणार? त्याला कशाची कमी आहे? मग समोर जो असेल त्याला थोडं द्यायचं. मला एवढंच कळतं." ती थांबली. "आणि काळं पॉलिश एकच होतं घरात. सॉरी."

"पण मग माझीच स्कूटर का?" डॉक्टरांनी विचारलं.

"समोर होती," लंबू म्हणाला.

सर्वात आधी आजी हसल्या. त्यांचं हसू एकदा सुरू झालं की लवकर थांबत नसे. त्या पदर तोंडाला लावून हलत राहिल्या, आणि मग रखवालदार हसला, आणि मग ते खुर्च्याखुर्च्यांतून पसरत प्राध्यापकांच्या सपातांपर्यंत गेलं. आजींनी डोळे पुसले.

"कुंड्या गेल्या त्या गेल्या," त्या जुळ्यांना म्हणाल्या. "पण रोज दोन-दोनदा कुणीतरी माझ्या दारापर्यंत येत होतं आणि तसंच परत जात होतं. मी आत एकटी बसलेली. अगं, त्यापेक्षा बेल वाजवायची."

जुळ्यांनी एकाच वेळी मान खाली घातली. "पकडलं जायचं नव्हतं ना आजी," एक म्हणाली.

"मग आता पकडले गेलात. उद्यापासून वाजवा."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. रखवालदाराला काढण्याचा ठराव मागे घेण्यात आला. पण सभा बोलावली आहे तर काहीतरी ठरलंच पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं. तेव्हा असं ठरलं की यापुढे इमारतीत कुणालाही सत्कर्म करायचं असल्यास त्यानं सेक्रेटरींना आधी तोंडी कळवावं, आणि साबणाचं सत्कर्म संध्याकाळच्या फेरीनंतरच करावं. एकमतानं मंजूर. लंबूनं आणि गिटारवाल्यानं स्कूटर ढकलत गॅरेजला न्यायची, तीही तिथपर्यंत भांडण न करता. प्राध्यापकांनी काळे बूट तसेच ठेवले. ते म्हणाले, आता बरे दिसतात.

चष्मेवाल्यांचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. ते लेकीकडे पाहत होते. ती रोज झोपताना सांगते, अजूनही सांगते, एवढंच त्यांच्या कानात घुमत होतं, आणि नाकावरचा चष्मा त्यांना सारखा पुसावा लागत होता.

"तुमचीही तपासणी करून घ्या एकदा," बायको म्हणाली. "पाणी फार येतंय डोळ्यांतून."

पुढच्या रविवारी ते नेमानं वेळेआधी वर्गात जाऊन बसले. मुलं आली ती बोलतच आली. जुळ्यांनी बेल वाजवल्यावर आजींनी त्यांना तासभर सोडलं नव्हतं आणि शेवटी विचारलं होतं, तुम्ही प्रार्थनेत नक्की म्हणता तरी काय, मला एकदा म्हणून दाखवा. तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत बसल्या आणि मग जे आलं ते म्हणाल्या. "मी चुकलेच मध्ये," एक सांगत होती. "पण आजींनी 'आमेन' म्हटलं." गिटारवाल्याचं म्हणणं होतं की स्कूटर ढकलताना डॉक्टरांनी त्याला देवाविषयी असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर कुणाहीकडे नसेल. लंबूचं म्हणणं होतं की आहे, आणि त्यानं ते द्यायला सुरुवातही केली. लेक शेवटच्या बाकावरून उठून मधल्या बाकावर येऊन बसली होती आणि दोघांनाही खोडून काढत होती. ज्यांना मत नव्हतं तेही मोठ्यानं बोलत होते.

चष्मेवाल्यांनी पाठ तयार करून आणला होता. ते उभे राहिले. "हं," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही. त्यांनी टेबलावर बोटांनी टकटक केलं.

"एक मिनिट, पप्पा," लेक मान न वळवता म्हणाली, "महत्त्वाचं चाललंय."

चष्मेवाले खाली बसले. पाठ त्यांनी खिशात घातला, हाताची घडी घातली, आणि उपासनेची घंटा होईपर्यंत ऐकत राहिले.